गोसीखुर्दला हिमअस्वल येतं तेव्हा

पृथ्वीवरची कुठलीही जागा दोन आकड्यांत सांगता येते, हे आपण शाळेत भूगोलाच्या तासाला शिकतो आणि वार्षिक परीक्षा संपली की विसरतो. एक अक्षांश, एक रेखांश. दोन गुणांचा हा प्रश्न पुढच्या आयुष्यात वाट अडवणार नाही, अशी सगळ्यांची खात्री असते. वेबवरचे नकाशे बनवणाऱ्या पोरांनी ती खात्री मोडीत काढली. आता लग्नाचं कार्यालय, एटीएम, धानाची बांधी, हरवलेली गाय आणि सापडलेला नवरदेव, सगळं त्या दोन आकड्यांवर चालतं. फक्त एक गोष्ट भूगोलाच्या पुस्तकानं सांगितली नव्हती आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ती जन्मभर पुरेल इतकी गुंतवून ठेवली आहे: या दोघांत आधी कोण?

उदाहरणाला भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द घेऊ. वैनगंगेवरचं धरण, दरवाजे ३३, लांबी ११ किलोमीटरहून जास्त. एवढी मोठी वस्तू चुकायची म्हटलं तरी चुकत नाही, असं कुणालाही वाटेल. धरणाचा अक्षांश सुमारे २०.८७ उत्तर, रेखांश सुमारे ७९.६२ पूर्व. आता हेच दोन आकडे कोडमध्ये उलट लिहा. अक्षांशाच्या जागी ७९.६२, रेखांशाच्या जागी २०.८७. कॉम्प्युटर तक्रार करत नाही. ७९.६२ हा अक्षांश जगात आहे, २०.८७ हा रेखांशही आहे. तो निमूटपणे नकाशा सरकवतो आणि धरण नेऊन ठेवतो नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या नॉर्डाउस्टलांडेट नावाच्या बेटापाशी. तिथं माणसाची वस्ती नाही. हिमनद्या आहेत, वॉलरस आहेत आणि हिमअस्वलं आहेत. उत्तर ध्रुव तिथून साधारण साडेअकराशे किलोमीटर.

असा एक नकाशा पवनीकडच्या एका पोरानं नागपूरच्या कंपनीतून सुट्टीवर आल्यावर लॅपटॉपवर गावाकडच्या आबाजींना दाखवला होता. धरणात गेलेल्या गावांचे ठिपके त्याच्या कोडमधून बाहेर पडले होते. आबाजींनी चष्मा लावून स्क्रीन निरखली.

"हे सारं पांढरं काहून दिसते गा?"

"बरफ आहे तो, आबाजी."

"आपल्या तालुक्यात?"

"नाही, ते आकडे जरा उलटे पडले."

"सरकारनं आमाले उठवलं तवा कुई तालुक्यात नेतो म्हनला, उमरेडले नेतो म्हनला," आबाजी म्हणाले, "इतक्या लांब नेतो असं काई कोनी बोलला नोता."

पोरगं हसलं. पण गंमत अशी, की हा मुक्काम कायद्याच्या दृष्टीनं अगदीच अशक्य नाही. स्वालबार्डचा करार १९२० साली पॅरिसमध्ये झाला आणि ब्रिटिश अमलातला भारतही त्यात होता. सह्या करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथं राहायला आणि व्यवसाय करायला समान हक्क आहे. त्याच द्वीपसमूहात नी-ऑलेसुंडला भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ सालापासून चालू आहे. उलट्या गोसीखुर्दपासून ते सुमारे २०० किलोमीटरवर. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा पुनर्वसनाचा हा पर्याय कुणाच्या ध्यानात कसा आला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

आणि जायचं तर गोसीखुर्दनं एकट्यानं कशाला जायचं? अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली की अख्खा महाराष्ट्र तिकडे जातो. मुंबई नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पडते, म्हणजे तिला विशेष फरक पडत नाही. पुण्याला मात्र अखेर समुद्र मिळतो, तोही पुणेकरांना मानवेल असा, गर्दी नसलेला. नागपूर हिनलोपन सामुद्रधुनीच्या तोंडाशी जाऊन बसतं. पारनेरची तर लॉटरीच लागते: ते थेट बेअर आयलंड नावाच्या बेटावर उतरतं, म्हणजे आधीच अवर्षणग्रस्त असलेल्या तालुक्याच्या चहूबाजूंना पाणीच पाणी, आणि सगळं खारं.

ही चूक नवशिक्यांची आहे असं समजू नका. तिच्यामागे थोरामोठ्यांचं शेकडो वर्षांचं भांडण आहे. एका बाजूला दर्यावर्दी. त्यांना अक्षांश आधी कळला. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. गोसीखुर्दच्या अंगणातून तो जेमतेम २१ अंशांवर दिसतो. रेखांश कळायला मात्र समुद्रावरही बिनचूक चालणारं घड्याळ लागायचं आणि ते अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन हॅरिसननं बनवेपर्यंत जहाजं अंदाजानंच चालली. जे आधी कळलं ते आधी लिहायचं, असा त्यांचा रिवाज. दुसऱ्या बाजूला गणिताचे मास्तर. त्यांचा आलेख आधी आडवा क्ष, मग उभा य. आडवा म्हणजे पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश. मग तोच आधी.

लग्नपत्रिकेत कुणाच्या आजोबांचं नाव वर, यावरून जसे दोन्हीकडचे हट्टाला पेटतात, तसे हे दोन पक्ष वेबवर पेटलेले आहेत. गूगलच्या नकाशाचा कोड अक्षांश आधी मागतो. मॅपबॉक्स रेखांश आधी मागतो. पोस्टजीआयएस या डेटाबेसमध्ये बिंदू बनवायचा तर रेखांश आधी. जिओजेसन नावाचा जो सर्वमान्य साचा आहे, त्याच्या २०१६ सालच्या मानकात रेखांश आधी असं स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि लीफलेट ही लोकप्रिय लायब्ररी, जी युक्रेनच्या व्होलोदिमिर आगाफोन्किननं २०११ साली जगापुढे ठेवली, ती दोघांनाही दुखवत नाही. हातानं खूण टाकायची तर ती अक्षांश आधी घेते आणि जिओजेसन फाइल दिली तर रेखांश आधी. एकाच पानावर, पाच ओळींच्या अंतरानं, दोन्ही क्रम बरोबर असतात. भांडण मिटवण्याची ही रीत आपल्याकडे खाप पंचायतीलाही सुचली नसती.

प्रमाण ठरवणाऱ्यांकडे दाद मागावी, तर तिथं वेगळीच मौज. जगातल्या निर्देशांक पद्धतींना क्रमांक देण्याचं काम युरोपातल्या तेलाचे साठे शोधणाऱ्यांच्या एका गटानं केलं, म्हणून त्या क्रमांकांमागे ईपीएसजी अशी अक्षरं लागतात. आपल्या मोबाइलमधल्या जीपीएसची पद्धत म्हणजे ४३२६. कागदोपत्री तिच्यात अक्षांश आधी आहे. बहुतेक सॉफ्टवेअर ती रेखांश आधी धरून वापरतात. नकाशे पुरवणाऱ्या सर्व्हरची डब्ल्यूएमएस नावाची एक पद्धत आहे, तिच्या १.१.१ या आवृत्तीत याच ४३२६ साठी रेखांश आधी होता, १.३.० मध्ये अक्षांश आधी झाला. म्हणजे आवृत्तीचा आकडा बदलायचा विसरलात तरी स्वालबार्ड आणि बदलून बाकीचं विसरलात तरी स्वालबार्ड.

क्रम साधला की माणूस निश्चिंत होतो आणि तिथंच अंश-मिनिटांच्या जाळ्यात सापडतो. जुन्या कागदांवर गोसीखुर्दचा पत्ता २० अंश ५२ मिनिटं उत्तर, ७९ अंश ३७ मिनिटं पूर्व असा असतो. घाईत कुणीतरी तो २०.५२, ७९.३७ असा भरतो. मिनिटं साठाची आणि दशांश शंभराचा, एवढाच काय तो तपशील. त्या तपशिलानं धरण सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला आणि २६ किलोमीटर पश्चिमेला सरकतं, आणि उतरतं कुठे? चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूरच्या वेशीवर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या गावानं इंग्रजांना हलवलं, त्या गावानं बसल्या जागी धरणही हलवलं. या धरणाचं पाणी चंद्रपूर जिल्ह्यालाही द्यायचं, असं मुळात ठरलेलंच आहे. कालव्यांची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. दशांश चिन्हानं अख्खं धरणच घरपोच दिलं.

दशांश चिन्हाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्या पुढच्या आकड्यांविषयीही बोलायला हवं. कोडमधून निघणारा निर्देशांक बघा: २०.८७ वर न थांबता पुढे बारा-बारा आकडे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पाचवा दशांश म्हणजे एक मीटर. सहावा म्हणजे वीतभरही नाही. चौदावा दशांश म्हणजे एक नॅनोमीटर. खिशातला मोबाइल मोकळ्या आभाळाखालीदेखील काही मीटर इकडे-तिकडे बोलतो, आणि ११ किलोमीटर लांबीच्या धरणाची जागा आपण नॅनोमीटरमध्ये नोंदवतो. शिवाय ती जागा धरणाची म्हणजे नेमकी कशाची? डाव्या टोकाची, उजव्या टोकाची, की सतराव्या दरवाज्याची? जलाशयाचा मध्यबिंदू काढू म्हटलं, तर वैनगंगा आणि कन्हान अशा दोन नद्यांच्या पात्रांत पसरलेल्या, फाटे फुटलेल्या आकाराचा मध्यबिंदू पाण्याबाहेर, एखाद्याच्या तुरीतही पडू शकतो. एवढी अचूकता ज्या प्रकल्पाच्या खुणेत आहे, त्याचा मूळचा ३७२ कोटींचा अंदाज पुढे १८ हजार कोटींवर गेला, हे सांगितलं तर नकाशावाले म्हणतील, तो दशांश आमच्या खात्यातला नाही.

रिकाम्या रकान्यांची गोष्ट आणखी निराळी. ज्या गावाचा अक्षांश-रेखांश कुणी भरलाच नाही, त्याला कोड शून्य-शून्य समजतो. हे शून्य-शून्य आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे. तिथं जमीन नाही, हवामान मोजणारा एक तरंगता बोया तेवढा बांधलेला होता. जगभरचे पत्ता नसलेले दवाखाने, शाळा, हातपंप तिथं गोळा होतात. नकाशावाल्यांनी गमतीनं त्या जागेला नल आयलंड असं नाव दिलं. यात त्यांनी फार मोठा शोध लावला असं आपण मानायचं कारण नाही. ग्रिनिचची रेषा १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत शून्य ठरली. त्याच्या कितीतरी शतकं आधी आपल्या ज्योतिषांची शून्य रेषा उज्जैनवरून जात होती. ती रेषा विषुववृत्ताला जिथं छेदते त्या जागेला सूर्यसिद्धान्तात लंका म्हटलं आहे. तिथंही प्रत्यक्षात नुसता समुद्र आहे. म्हणजे शून्य-शून्यवर काल्पनिक बेट वसवण्याचा मान आपलाच. आणि आपण तिथं निदान राक्षसांची वस्ती तरी ठेवली होती.

क्रम बरोबर, दशांश बरोबर, रकाना भरलेला. आता तरी ठिपका जागेवर बसेल? बसेल, पण पृथ्वी कुणाची त्यावर अवलंबून. भारताची शास्त्रशुद्ध मोजणी विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासेत सुरू केली आणि मोजत मोजत तो उत्तरेला सरकला. १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथंच आहे. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनं पृथ्वीच्या लंबगोलाची जी मापं १८३० साली मांडली, त्यांवर आपले जुने टोपोशीट निघाले. जीपीएसची पृथ्वी वेगळी, तिचं नाव डब्ल्यूजीएस ८४. दोन पृथ्वींमध्ये आपल्याकडे शंभर मीटरच्या घरात फरक पडतो. जुन्या शिटावरचा आकडा तसाच्या तसा नव्या नकाशावर टाकला, की विहीर शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे जाते. पुढचं काम तहसील आणि दिवाणी न्यायालय बघतं.

इथवरच्या सगळ्या गमती दोन आकड्यांच्या. गोसीखुर्दला पाऊल ठेवलं की समजतं, दोन आकड्यांत इथलं काहीच ठरत नाही.

इथला खरा आकडा तिसरा आहे: २४५.५. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून एवढे मीटर. वैनगंगेकाठच्या म्हाताऱ्याला रेखांश विचारा, तो तंबाखू मळत तुमच्याकडे बघत राहील. २४५ चा विषय काढा, मग तासभर तुम्ही गप्प बसायचं. घर गेलं की राहिलं, शेत अर्ध्यात गेलं की पूर्ण, मोबदला कुणाला आणि पुराचं पाणी कुणाच्या ओसरीला, सगळं त्या उंचीवर ठरलं. जिओजेसनमध्ये उंचीसाठी तिसऱ्या आकड्याची सोय आहे, पण ती ऐच्छिक. नकाशा बनवणारा बहुधा ती सोडून देतो. आणि एखाद्यानं हौसेनं भरलीच, तर तिथंही खोच आहे: त्या साच्यात उंची धरायची ती समुद्रसपाटीपासून नव्हे, गणितातल्या लंबगोलापासून. आपल्या भागात या दोन उंचींमध्ये ५० मीटरहून जास्त फरक पडतो आणि लंबगोलाची उंची कमी भरते. म्हणजे समुद्रसपाटीपासून २६० मीटरवर कोरडं ठणठणीत बसलेलं गाव लंबगोलाच्या हिशेबानं २१० च्याही खाली जातं. तो आकडा २४५.५ शी लावून बघितला, तर सरकारनं न बुडवलेली गावंही कोड बुडवतो, आणि तेही बिनमोबदला.

चौथा आकडा तारखेचा. राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला या धरणाचं भूमिपूजन झालं. २००८ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या ऐंशीहून अधिक गावांना या पाण्यानं हलवलं. गावं हलली ती नाव बरोबर घेऊन. आता एकाच नावाचे दोन ठिपके असतात: एक पाण्यात, एक माळावरच्या सरळ रेषेतल्या वसाहतीत. जुन्या यादीतले निर्देशांक अगदी बिनचूक आहेत. त्या अक्षांशाला, त्या रेखांशाला ते गाव होतं, मारुतीचं देऊळ होतं, शाळा होती. रस्ता दाखवणारं ॲप आजही कुणाला तिकडे नेऊ बघेल, तर त्यात कोडची चूक एका अक्षराचीही नसेल. आकडा बरोबर असून गाव तिथं नाही, ही तक्रार कुठल्याच एरर मेसेजमध्ये येत नाही.

नुसत्या आकड्यावर विसंबण्याचं फळ या परिसरानं आणखी एकदा पाहिलं आहे. शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जय नावाचा देशभर गाजलेला वाघ होता. नागझिऱ्यातून निघून, महामार्ग आणि नद्या ओलांडून तो इकडे आला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. वाघ कुठे आहे ते उपग्रहाला कळत होतं आणि उपग्रहाकडून वनखात्याच्या साहेबांना. २०१६ च्या एप्रिलमध्ये संदेश थांबले आणि वाघ पुन्हा कुणाला दिसला नाही. शेवटचा निर्देशांक तेवढा नोंदीत राहिला.

कॉम्प्युटरच्या बाजूनं एक समाधान मात्र द्यायला हवं. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीचे असतात. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितकी प्रत्येक गोष्ट तिच्यात फुगते. ७९.६२ अक्षांशावर ती साडेपाचपट लांब आणि साडेपाचपट रुंद दिसते, म्हणजे क्षेत्रफळात तीसपट. गोसीखुर्दचं ठरलेलं सिंचनक्षेत्र अडीच लाख हेक्टर. आकडे उलटे करून ते स्वालबार्डच्या अक्षांशाला नेलं, तर एकही पाटचारी न खोदता नकाशावर पाऊण कोटी हेक्टर भिजल्यासारखं दिसेल. आढावा बैठकीत दाखवायला एवढं पुरे आहे.

आता कामाचं बोलू. आकडे उलटे पडण्याची ही चूक युरोप-आफ्रिकेत पकडणं खरोखर अवघड आहे. तिथं अक्षांश आणि रेखांश दोन्ही तिशी-चाळिशीच्या आत असू शकतात आणि उलटे केले तरी ठिपका बऱ्यापैकी भल्या ठिकाणी पडतो. आपल्या देशावर भूगोलाची कृपा आहे. भारताचे अक्षांश ६ ते ३८ च्या आत आणि रेखांश ६८ ते ९८ च्या आत. दोन्ही पट्टे एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. अक्षांश ६० च्या वर गेला की आकडे उलटे पडले आहेत, एवढी एक ओळ कोडमध्ये लिहिली की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकही गाव बर्फात जाणार नाही. ती ओळ न लिहिण्याला भारतीय माणसाजवळ सबब नाही.

त्यापुढच्या दोन रकान्यांना मात्र एक ओळ पुरत नाही. उंची कशापासून मोजली आणि ठिपका कोणत्या सालचा, हे माणसालाच विचारून भरावं लागतं. तेव्हा नकाशे बनवणाऱ्या मुला-मुलींनो, अक्षांश आणि रेखांश खुशाल उपग्रहाकडून घ्या. उंची आणि तारीख लिहिण्याआधी गोसीखुर्दच्या एखाद्या आबाजींसमोर बसा. ते बोलायला लागले की मध्ये बोलू नका.